दिवसभर साडी-ड्रेसमध्ये राहून काम करायचं आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जन्माने पुरुष ठरवले गेलेल्या, पण रोज, दिवसभर आणि कामावरही बायकांचे कपडे घालून राहू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यातले काही जण स्वतःला ट्रान्स स्त्री म्हणवतात, म्हणजे मनाने स्त्रीच, काही क्रॉसड्रेसर, म्हणजे फक्त बायकांचे कपडे आवडणारे, काहींना कुठलंच नाव नको असतं. तिघांनाही पोट आहे, भाडं आहे, आणि म्हणून तिघांनाही हे प्रश्न पडतात. मी नाशिकमध्ये छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते आणि जीएसटी रिटर्न भरते, सलवार-कुर्त्यात. जे लिहिते आहे ते स्वतःच्या आणि ओळखीतल्या लोकांच्या अनुभवावरून, आणि कायद्याचा जो भाग नीट वाचला आहे त्यावरून.

पुरुषाने बायकांचे कपडे घालून रस्त्यावर फिरणं हा गुन्हा आहे का?

नाही. भारतात असा कोणताही कायदा आज नाही. एके काळी होता. इंग्रजांनी 1871 मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदवही ठेवली जायची आणि नोंद झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक जागी बाईसारखे कपडे किंवा दागिने घातले तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. तो कायदा गेला, पण त्याची सवय पोलीस चौकीत आणि सोसायटीच्या गेटवर अजून शिल्लक आहे.

15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात, म्हणजे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांवरच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की आपली लिंगओळख कपड्यांतून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणं हा संविधानाच्या कलम 19(1)(अ) खालच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे. कोणी हवालदार "हे काय घातलंय" म्हणून अडवू लागला तर आवाज न चढवता ओळखपत्र दाखवा आणि कोणत्या कलमाखाली अडवताय ते विचारा. महाराष्ट्र पोलीस कायद्यातल्या सार्वजनिक असभ्य वर्तनाच्या कलमाची भीती घातली जाते. साडी नेसणं हे असभ्य वर्तन नाही.

मी ट्रान्स नाही. पुरुषच आहे, फक्त कपडे बायकांचे आवडतात आणि तेच घालून जगायचंय. मला कायदा काही मदत करतो का?

इथे खोटा दिलासा देऊन उपयोग नाही. 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याच्या मूळ व्याख्येत ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष, इंटरसेक्स (जन्मतः शरीर सरळ स्त्री किंवा पुरुष अशा साच्यात न बसणारे), जेंडरक्वीअर (स्वतःला धड स्त्री किंवा पुरुष न मानणारे) आणि किन्नर, हिजडा, अरवणी, जोगता या पारंपरिक ओळखी होत्या. क्रॉसड्रेसर हा शब्द त्यात नव्हता. तुम्ही ठामपणे स्वतःला पुरुष म्हणत असाल तर या कायद्याचं छत्र तुमच्यावर सरळसरळ येत नाही. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतात. खासगी मालकाने "पुरुष कर्मचाऱ्यांनी शर्ट-पँट" असा नियम केला असेल तर तो मोडून काढायला तुमच्या हातात फार मोठं हत्यार नाही.

म्हणूनच माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. "बायकांचे कपडे घालू देणारी नोकरी कुठे मिळेल" असं शोधायला बसू नका, अशी खरी जाहिरात कुठेच येत नाही. आधी हे बघा, की या कामात माझ्या कपड्यांवर हुकूम कोणाचा चालणार? मालकाचा, गिऱ्हाइकाचा, गणवेशाच्या नियमाचा, की माझाच? ज्या कामात तो हुकूम जितका तुमच्याकडे, तितकं ते काम तुमच्यासाठी चांगलं. पगार थोडा कमी असला तरी.

एक आणखी. तुम्ही आजारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत पूर्वी वेशांतराच्या नावाने निदानं होती. 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीतून ती काढून टाकली आहेत. "उपचार घे, मग नोकरीचं बघू" असं घरचे म्हणत असतील तर त्यांना हे सांगा.

मग नेमकी कोणती कामं?

माझ्या बघण्यातली, जिथे लोक खरोखर टिकले आहेत ती सांगते.

पहिली म्हणजे टेबलावरची आणि स्वतःच्या हिमतीवरची कामं. हिशेब, टॅली, रिटर्न भरणं, भाषांतर, सबटायटल, डीटीपी, वेबसाइट, कोडिंग. इथे गिऱ्हाइकाला तुमचं काम वेळेत हवं असतं. माझ्याकडे एक हार्डवेअरच्या दुकानाचे मालक येतात, सगळे त्यांना काका म्हणतात. मी पहिल्यांदा कुर्ता, ओढणी आणि दोन्ही हातांत बांगड्या घालून ऑफिसात बसले त्या दिवशी ते दारात थबकले. माझ्याकडे पाहिलं, मग बांगड्यांकडे, मग हातातली बिलांची पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, "उद्या वीस तारीख आहे, थ्रीबी राहिलंय." थ्रीबी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न. नंतरही त्यांनी कधी विषय काढला नाही. सगळी गिऱ्हाइकं अशी नसतात, काही गेली. पण वीस तारखेच्या आत रिटर्न भरून देणारी व्यक्ती सहजासहजी कोणी सोडत नाही, आणि हा आधार मला कुठल्याही धोरणापेक्षा पक्का वाटतो. घरून काम असेल तर आणखी सोपं. मात्र व्हिडिओ कॉल असतात, तेव्हा "घरून आहे म्हणजे कोणी बघत नाही" असं समजू नका.

दुसरी कामं सौंदर्याची आणि कापडाची. ब्यूटी पार्लर, मेकअप, मेहंदी, ब्लाउज शिवणं, फॉल-पिको, लग्नात नवरीला साडी नेसवून देणं. साडी नेसवण्याचं काम आता स्वतंत्र धंदा झालं आहे. लग्नसराईत पहाटेपासून बोलावणी असतात आणि नऊवारी सफाईने नेसवणाऱ्याला पुन्हा बोलावतात. साडीच्या दुकानात मात्र गंमत वेगळी आहे. तिथे गादीवर उभा राहून पुरुष सेल्समन पैठणी स्वतःच्या अंगावर लावून, पदर खांद्यावर टाकून दाखवतो आणि समोरच्या बायका तो पदर कसा पडला ते बघतात. त्याला कोणी हसत नाही. तोच माणूस सकाळी साडी नेसून दुकानात आला तर मालक त्याला परत पाठवेल. या धंद्यात पाय ठेवायचा असेल तर हा फरक आधी समजून घ्या. नोकरीपेक्षा स्वतःचं गिऱ्हाईक बांधणं इथे फायद्याचं.

तिसरी, आरोग्य आणि समाजकामातली. एचआयव्ही नियंत्रणाच्या टीआय प्रकल्पांमध्ये, म्हणजे जास्त धोका असलेल्या समुदायांसाठीच्या प्रकल्पांमध्ये, पीअर एज्युकेटर आणि आउटरीच वर्कर (समुदायात फिरून माहिती देणारे) लागतात, आणि तिथे समुदायातली व्यक्ती असणं हीच पात्रता धरली जाते. कपड्यांचा प्रश्नच येत नाही. पण मानधन कमी, प्रकल्पाचा निधी उशिरा येतो, काम उन्हातान्हाचं. सुरुवात म्हणून चांगलं. वर्षानुवर्षं त्यातच अडकू नका, सोबत कॉम्प्युटरचा एखादा कोर्स करा.

कॉल सेंटरमध्ये कपड्यांकडे कमी आणि आवाजाकडे जास्त लक्ष असतं. खाण्याची गाडी, खानावळ, डबे हेही चालतं, फक्त गल्ली ओळखीची हवी.

नाटक, लावणी, दशावतार? तिथे तर परंपराच आहे ना?

परंपरा मोठी आहे आणि तिचा अभिमान मलाही आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (1888–1967), यांची नेसण्याची ढब, दागिने, केसांची रचना पाहून त्या काळातल्या घरंदाज बायका तशाच नटायच्या. त्यांना 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं. तमाशातल्या गौळणीत मावशी अजूनही पुरुषच करतो. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या पेडण्याकडे दशावतारातली राणी आणि नायिका पुरुषच असतात, स्वतःचा रंग स्वतः लावतात, स्वतःची साडी स्वतः नेसतात. जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्र रात्र प्रयोग चालतात.

पण हा प्रश्न विचारणाऱ्याला जे हवं असतं ते तिथे मिळत नाही. रंगमंच परवानगी देतो ती प्रवेशापुरती. बालगंधर्व घरी पुरुष म्हणूनच जगले. दशावतारातली नायिका पहाटे रंग पुसून शर्ट-पँट घालून घरी जाते, आणि तसं न करणाऱ्याकडे तोच गाव वेगळ्या नजरेने बघतो ज्याने रात्री टाळ्या वाजवल्या. शिवाय पैसे नाईटवर मिळतात, पावसाळ्यात हात रिकामा. कला म्हणून जीव लागत असेल तर जरूर जा. केवळ साडी नेसायला मिळते म्हणून गेलात तर निराश व्हाल. मुंबई-पुण्यात आता पुरुषांच्या लावणीचे कार्यक्रम आणि ड्रॅगचे, म्हणजे बाईच्या भडक वेशात नाचगाण्याचे, प्रयोग होतात. मुंबईत ललित हॉटेलच्या किटी सू क्लबने ड्रॅगला मोठा मंच दिला. त्याबद्दलही माझं हेच मत आहे, संध्याकाळचं उत्पन्न म्हणून छान, महिन्याच्या किराण्याचा भरवसा म्हणून नाही.

मोठ्या कंपन्यांमध्ये काय परिस्थिती आहे?

आयटी, बँकांची बॅक ऑफिसं, बहुराष्ट्रीय कंपन्या यांत गेल्या काही वर्षांत फरक पडला आहे. प्राइड सर्कल या संस्थेने 2019 मध्ये बंगळुरूत एलजीबीटी समुदायासाठी राइज नावाचा नोकरी मेळावा सुरू केला. चेन्नईची पेरीफेरी ही संस्था ट्रान्स उमेदवारांना प्रशिक्षण देऊन कंपन्यांशी जोडते. टाटा स्टीलने खाणींवरच्या अवजड यंत्रांवर ट्रान्स व्यक्ती घेतल्या आहेत.

वर सांगितलेल्या 2019 च्या कायद्याखालच्या 2020 च्या नियमांनुसार प्रत्येक आस्थापनेने ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं आहे, त्यात स्वच्छतागृह, सुरक्षितता, वाहतूक यांची सोय लिहायची आहे आणि ओळख गुप्त ठेवायची आहे. कायद्याच्या कलम 11 प्रमाणे तक्रार अधिकारी नेमायचा आहे. कितीतरी ठिकाणी हे कागदावरही नसतं. जेन कौशिक या शिक्षिकेला ट्रान्स स्त्री म्हणून दोन शाळांमधली नोकरी गमवावी लागली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने त्यांना भरपाई दिली आणि समान संधी धोरणाचा मसुदा करण्यासाठी निवृत्त न्यायाधीश आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हा निकाल मुलाखतीला जाण्याआधी वाचून ठेवा.

धोरण असलं म्हणजे झालं, असंही नाही. कोची मेट्रोने 2017 मध्ये 23 ट्रान्स व्यक्तींना कामावर घेतलं, देशभर कौतुक झालं, आणि पहिल्याच काही आठवड्यांत त्यांतल्या काहींनी काम सोडलं. कारण पगारात परवडेल अशी भाड्याची खोली त्यांना कोणी देईना. नोकरी पक्की करताना खोलीचं गणित आधी मांडा. अकरा महिन्यांचा करार, पोलीस पडताळणी, सोसायटीचा सेक्रेटरी, हे सगळं तुम्ही ज्या कपड्यांत राहणार आहात त्याच कपड्यांत उरकलेलं बरं. नंतर "आम्हाला सांगितलं नव्हतं" हे ऐकावं लागत नाही.

सरकारी नोकरी?

दार उघडलं आहे, पूर्ण नाही. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर राज्य सरकारने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय देण्याचं मान्य केलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल (शहराच्या स्वच्छतेवर लक्ष ठेवणारे) म्हणून घेतलं.

मात्र सरकारी कपड्यांचे नियम स्त्री आणि पुरुष असे दोन रकान्यांत लिहिलेले असतात. राज्याने मार्च 2024 मध्ये शिक्षकांसाठी काढलेल्या सूचनांत बायकांना साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा आणि पुरुषांना शर्ट-पँट असंच आहे. तुमच्या कागदांवर जो रकाना, तेच कपडे. ज्यांना कागद बदलायचे आहेत त्यांना हा मार्ग खुला आहे. जे कागदावर पुरुष राहू इच्छितात त्यांनी शाळा, न्यायालयातली वकिली, गणवेशाची कोणतीही नोकरी यांच्या मागे लागून वय घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

कारखान्यात?

फिरत्या यंत्राजवळ ओढणी, सैल बाही, बांगड्या, मोकळे केस कोणालाच चालत नाहीत. तिथे अंगाबरोबर बसणारे कपडेच लागतात, कारखाने कायदाही तेच सांगतो. हा भेदभाव नाही, जीवाचा प्रश्न आहे. स्टोअर, पॅकिंग, क्वालिटीचं टेबल इथे बोलून बघा.

आत्ताच्याच नोकरीत बदल करता येईल का?

येतो, आणि पुष्कळदा नव्या नोकरीपेक्षा हेच सोपं पडतं, कारण तिथे तुमच्या कामाची किंमत आधीच कळलेली असते. एकदम साडीत उभं राहू नका. केस वाढवा, कान टोचा, रंगीत कुर्ते, मग लेगिंग, मग ओढणी. प्रत्येक पायरीवर महिना-दोन महिने थांबा. लोकांच्या नजरा थकतात, खरंच थकतात. पण साहेबांना आणि एचआरला तुमच्या तोंडून आधी कळू द्या, कँटीनमधून नको. बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका: आज आपलं असं असं बोलणं झालं, अमुक तारखेपासून मी असे कपडे घालीन. पुढे काही बिनसलं तर हा ईमेलच कामाला येतो.

मुलाखतीला काय घालून जाऊ?

जे घालून काम करणार आहात तेच. शर्टात मुलाखत आणि पहिल्या दिवशी कुर्ता, यात मालकाला फसवल्यासारखं वाटतं आणि तुमची बाजू उगाच कमजोर होते. पहिली फेरी फोनवर झाली की कपड्यांचे नियम लेखी मागवा. मग प्रत्यक्ष भेटीत तीन गोष्टी विचारा: स्वच्छतागृह कोणतं वापरायचं, ओळखपत्रावर आणि ईमेलवर कोणतं नाव येणार, रात्रपाळीला गाडी आहे का. या तीन प्रश्नांना समोरचा माणूस कसा उत्तर देतो यावरून ऑफिस कळतं. "बघू नंतर" हे उत्तर नसतं. जाताना गेटवरच्या वॉचमनशी दोन शब्द बोला. रोज सकाळी पहिली नजर त्याचीच असणार आहे.

नाव आणि कागदपत्रांचं काय?

नुसते कपडे बदलायचे असतील तर कागद बदलण्याची गरज नाही. फक्त आधारवरचा फोटो आजच्या रूपाचा करून घ्या, तो आधार सेवा केंद्रात बदलून मिळतो. कामाच्या पहिल्या दिवशी, बँकेत, लॉजवर, नाकाबंदीला, प्रत्येक ठिकाणी फोटो आणि चेहरा जुळला की निम्मे प्रश्न तिथेच संपतात. चेहरा ओळखून हजेरी घेणारं यंत्र असेल तर विग आणि मेकअपसहच नोंदणी करा.

नाव बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते, अर्ज ऑनलाइन भरता येतो. मग आधार, पॅन, बँक, पीएफ असा क्रम ठेवा. पीएफमध्ये जुनं आणि आधारमध्ये नवं नाव राहिलं की पैसे अडकतात, हा त्रास मी किती तरी जणींच्या वतीने निस्तरला आहे. पॅनच्या अर्जात 2018 पासून ट्रान्सजेंडर हा स्वतंत्र पर्याय आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ओळख प्रमाणपत्राची सोय 2019 च्या कायद्याने केली. त्याची पद्धत आणि अटी अर्ज भरण्याच्या आठवड्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर पुन्हा वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

ऑफिसात मला ताई म्हणतील की सर?

तुम्ही सुरुवात कराल तसं. मराठीत "येतो" आणि "येते" यातून सुटका नाही, त्यामुळे लोक अवघडतात आणि तुमच्याशी बोलणंच टाळतात. पहिल्याच दिवशी सांगून टाका. "मला येते-जाते म्हणा" किंवा "बोलताना पुरुषासारखंच बोला, मला चालतं", दोन्ही ठीक आहे. शेजारच्या टेबलावरची एक व्यक्ती नीट बोलू लागली की बाकीचे तिच्यामागे जातात. चुकून कोणी जुनं बोललं तर एकदा दुरुस्त करा, दहादा नको.

जाण्या-येण्याचं कसं करायचं?

कामाइतकाच हा प्रश्न मोठा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. मुंबईत लोकलच्या महिला डब्यात पुरुषाने चढणं रेल्वे कायद्याच्या कलम 162 खाली गुन्हा आहे. कागदावर पुरुष असाल तर त्या डब्यात चढू नका, कपडे कोणतेही असोत. सर्वसाधारण डब्यात गर्दीच्या वेळी साडीत चढणं म्हणजे छळ, धक्के आणि चिमटे. म्हणून कामाची वेळ गर्दीच्या आधीची किंवा नंतरची मागून घ्या, किंवा काम चालत जाण्याइतकं जवळ बघा. स्कूटर असेल तर ओढणी कमरेला घट्ट बांधा, चाकात जाते.

टॉयलेटसाठी आधीच बोलून ठेवा. दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत, त्यातून लघवीचे आजार होतात. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह अनेक ऑफिसांत असतं. ते वापरायची लेखी परवानगी हा पटकन होणारा तोडगा आहे.

नऊ तास साडीत बसणं झेपेल?

सवय नसेल तर नाही. सुती सलवार-कुर्त्याने सुरू करा. मे महिन्यात पॅडिंग आणि विगखाली घामाने पुरळ उठतं. सुती अस्तर, पावडर आणि जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं मोकळीक ठेवा. दाढीची निळी छटा दुपारी चारनंतर वर येते, ड्रॉवरमध्ये रेझर आणि कॉम्पॅक्ट असू द्या. साडी नेसायचीच तर पदर पिनअप, निऱ्यांना एक पिन आतून. लग्नाला निघाल्यासारखं नटू नका. आजूबाजूच्या बायका जे घालतात त्याच्या एक पायरी साधं घाला, लोक लवकर विसरतात.

घरच्यांना माहीत नाही. फक्त कामावर घालता येईल का?

थोडे दिवस येईल. ऑफिसात जाऊन कपडे बदलणारे आहेत. पण पूर्णवेळ आणि गुपित या दोन गोष्टी एका शहरात फार काळ एकत्र राहत नाहीत. कोणीतरी फोटो काढतो, तो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचतो, आणि मग तुमच्या वतीने दुसराच कोणीतरी सांगतो. लग्न झालेलं असेल तर बायकोला हे आधी कळलंच पाहिजे. तिच्या आयुष्याचाही तो निर्णय आहे, तिच्यापासून लपवून त्यावर संसार उभा करू नका. लग्न व्हायचं असेल तर "लग्नानंतर जाईल" या समजुतीवर कोणत्याही मुलीला घरात आणू नका. आईवडिलांना कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. स्वतःचा पगार आणि स्वतःची खोली हातात असताना सांगणं सुरक्षित.

किती पैसे साठवून मग उडी मारावी?

भाडं आणि जेवण धरून सहा महिन्यांचा खर्च. यात मी तडजोड करत नाही. नोकरी गेली, घरमालकाने खोली सोडायला सांगितली, घरच्यांनी दार लावलं, हे तिन्ही एकाच महिन्यात होऊ शकतं. आणि पैसा नसला की मग दिसतील ते मार्ग घ्यावे लागतात, ज्यातून परत येणं अवघड.

"क्रॉसड्रेसर पाहिजेत, भरपूर पगार" अशा जाहिराती येतात. खऱ्या असतात का?

नसतात. "नोंदणी फी भरा", "आधी साडीतले फोटो पाठवा", "शूट आहे, हॉटेलवर या", यातलं एक जरी वाक्य आलं तरी ब्लॉक करा. फोटो मिळाले की धमक्या सुरू होतात. पैसे देऊन धमकी थांबत नाही, वाढते. स्क्रीनशॉट ठेवा आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. तक्रार करताना कपड्यांबद्दल लाजू नका, गुन्हा त्यांनी केला आहे.

मी जन्माने मुलगी आहे, मला कायम शर्ट-पँटमध्ये काम करायचं आहे.

रस्त्यावर आणि आयटीत तुमच्याकडे कोणी बघणार नाही. अडचण साडीचा गणवेश असलेल्या जागी येते: हॉटेलचं स्वागतकक्ष, काही शाळा, काही दवाखाने, सराफी दुकानं. तिथे अर्ज करण्याआधी गणवेश विचारा. कुरिअर, गाडी चालवणं, नेटवर्किंग, कॅमेरा ही कामं बघा. घरातून मात्र तुम्हाला लग्नाचा दबाव जास्त सोसावा लागतो, म्हणून बचतीचं वर लिहिलेलं तुम्हालाही तितकंच लागू.

कामावर त्रास झाला तर? आणि मदत कुठे मिळेल?

तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवा. मग तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा आणि पोच घ्या. तुम्ही 2019 च्या कायद्याच्या कक्षेत येत असाल तर कलम 9 नोकरीतला भेदभाव मना करतं आणि कलम 18 खाली शारीरिक, लैंगिक, शाब्दिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. रागाच्या भरात राजीनामा लिहून देऊ नका, सही घ्यायला मालक टपलेला असतो.

आपल्या समुदायासाठी मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून काम करतो आहे, पुण्यात युतक, नागपुरात सारथी ट्रस्ट. वकील, समुपदेशक, ओळखीची कंपनी, सुरक्षित खोली यांची माहिती अशा ठिकाणी मिळते. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर आधी फोन करा आणि कोणत्या कपड्यांत येऊ ते विचारा. हवे त्या कपड्यांत या, असंच सांगतील.